सहा जणांना शिक्षा, एक निर्दोष : कराची, १९२१



मी मूळची ग्वाल्हेरची. लष्कर भागात आमचं घर होतं. शिंद्यांच्या चाकरीत आलेल्या अनेक मराठी घरांपैकी एक. लहानपणी सुट्टीत आत्या मला किल्ल्यावर न्यायची. उरवाई दरवाजानं वर चढायचं, कातळातल्या जैन मूर्ती बघायच्या, मानमंदिर बघायचं आणि शेवटी 'दाता बंदी छोड' गुरुद्वारात लंगर जेवून परत यायचं. तिथली गोष्ट आत्या दरवेळी तितक्याच रंगून सांगायची. जहांगीर बादशहानं शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना या किल्ल्यात कैदेत ठेवलं. सुटायची वेळ आली तेव्हा त्यांनी सोबतच्या ५२ राजांनाही सोडवलं, अशी शिखांची परंपरा सांगते.

एकदा मी विचारलं, "आत्या, इथे अजून कोण कोण होतं गं कैदेत?"

ती म्हणाली, "पुष्कळ होते बाळ. ज्याची बादशहाला भीती वाटायची, तो इथे."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढे इतिहास शिकले, शिकवला, तेव्हा कळलं की याच किल्ल्यात जहांगीरनं एका मुसलमान धर्मपंडितालाही डांबलं होतं. त्याचं नाव शेख अहमद सरहिंदी. नक्शबंदी सूफी परंपरेतलं फार मोठं नाव. साल १६१९. आपल्या आध्यात्मिक अनुभवांबद्दल त्यांनी पत्रांतून जे लिहिलं, ते अनेकांना मर्यादा सोडून वाटलं. बादशहानं त्यांना दरबारात बोलावलं. माणूस त्याला गर्विष्ठ वाटला. रवानगी ग्वाल्हेरला. साधारण वर्षभरानं सोडलं, वर मानाचा पोशाख आणि हजार रुपये दिले. हे सगळं जहांगीरनं स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे.

आता यातली कडू गोष्ट ऐका. १६०६ साली गुरू अर्जनदेवांना लाहोरला मृत्युदंड दिला गेला, तेव्हा याच सरहिंदींनी एका पत्रात त्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. गुरू अर्जनदेवांचे पुत्र म्हणजे गुरू हरगोविंद. ज्यांच्या वडिलांच्या मृत्यूवर सरहिंदींना समाधान वाटलं, ते पुत्र आणि स्वतः सरहिंदी, दोघेही एकाच बादशहाचे, एकाच किल्ल्यातले कैदी झाले.

ही गोष्ट मी एकदा एका महाराष्ट्र मंडळात सांगितली. शहराचं नाव नको. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. म्हणाले, "ताई, म्हणजे त्या सरहिंदीची बाजू घ्यायची का आम्ही? जो दुसऱ्याच्या मरणावर खूश होतो, तो तुरुंगात गेला तर बिघडलं काय?"

प्रश्न खरा होता. मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. आजचं बोलणं म्हणजे त्या काकांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. त्यासाठी आपल्याला ग्वाल्हेर सोडून, ३०० वर्षं पुढे, कराचीला जायचं आहे.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे आधी ध्यानात घेऊ. आणि गोष्टीतल्या मुख्य माणसाचा मराठी राज्याशी जुना संबंध होता. मौलाना मोहम्मद अली. जन्म १८७८, रामपूरचा. शिक्षण अलीगढ आणि मग ऑक्सफर्ड. परत आल्यावर त्यांनी काही वर्षं नोकरी केली ती सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात. बडोद्याहून ऐकणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. थोरले भाऊ शौकत अली सरकारच्या अफू खात्यात होते आणि अलीगढच्या दिवसांत गाजलेले क्रिकेटपटू. दोघेही सुटाबुटातले, इंग्रजी वळणाचे. धर्मवेडे म्हणावं असं त्यांच्यात तेव्हा काही नव्हतं.

१९११ साली मोहम्मद अलींनी कलकत्त्यात 'कॉम्रेड' नावाचं इंग्रजी साप्ताहिक काढलं, पुढे दिल्लीला नेलं. मग उर्दू 'हमदर्द' आलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला गेलं. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे सुन्नी मुसलमानांचा खलिफा. अली बंधूंची सहानुभूती कुणाकडे आहे हे सरकारला दिसत होतं. १९१५ साली दोघांना भारत संरक्षण कायद्याखाली स्थानबद्ध केलं. खटला नाही, आरोपपत्र नाही, मुदत नाही. आधी मेहरौली, मग लॅन्सडाउन, मग आमच्या मध्य प्रांतातलं छिंदवाडा. नागपूरपासून फार लांब नाही.

छिंदवाड्यात वेळच वेळ होता. तिथे मोहम्मद अलींनी कुराण मन लावून वाचायला घेतलं. हे त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे. सरकारनं एका इंग्रजी शिकलेल्या पत्रकाराला आत टाकलं, आणि १९१९ च्या अखेरीस दाढी राखलेला, धर्मग्रंथ तोंडपाठ सांगणारा मौलाना बाहेर आला. तुरुंग माणसाच्या श्रद्धेचं काय करतो, याचा हा नमुना. श्रद्धा मोडावी म्हणून आत टाकावं, तर ती तिथेच घट्ट होते.

सुटका झाल्यावर दोघे भाऊ थेट अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले. मुंबईतल्या त्या अफाट अंत्ययात्रेत गांधीजींबरोबर शौकत अलींनीही तिरडीला खांदा दिला. आपल्याकडे लोकमान्यांच्या त्या दिवसाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, हा तपशील मात्र हल्ली क्वचित कानावर येतो.

त्याच महिन्यात, १० ऑगस्टला, सेव्हरचा तह झाला. तुर्की साम्राज्याचे तुकडे ठरले. त्या युद्धात हिंदुस्थानी मुसलमान शिपाई इंग्रजांच्या वतीनं मेसोपोटेमियात, पॅलेस्टाईनमध्ये तुर्कांशी लढले होते. आता प्रश्न होता पुढच्या लढाईचा. अंगोऱ्यात मुस्तफा कमालचं सरकार उभं राहिलं होतं. उद्या इंग्रज त्याच्यावर चालून गेले, तर पंजाबातल्या मुसलमान शिपायानं काय करायचं? कुराणात श्रद्धावानानं श्रद्धावानाला जाणूनबुजून मारणं हे महापाप सांगितलं आहे. मग पगार सरकारचा की आज्ञा अल्लाची? जमियत-उल-उलेमाच्या धर्मपंडितांनी शेकडो सह्यांचा फतवा काढला की अशी चाकरी निषिद्ध आहे. सरकारनं तो फतवा जप्त केला.

८ ते १० जुलै १९२१ ला कराचीत अखिल भारतीय खिलाफत परिषद भरली. अध्यक्ष मोहम्मद अली. तिथे ठराव झाला की सध्याच्या परिस्थितीत मुसलमानानं ब्रिटिश फौजेत राहणं, भरती होणं किंवा दुसऱ्याला भरती करणं हे धर्मानं निषिद्ध आहे, आणि ही गोष्ट फौजेतल्या मुसलमानांपर्यंत पोहोचवणं हे सर्वांचं, विशेषतः उलेमांचं कर्तव्य आहे. याच ठरावानं पुढे असंही बजावलं की अंगोऱ्याविरुद्ध लढाई सुरू झाली, तर सविनय कायदेभंग करू.

१४ सप्टेंबरला मोहम्मद अली गांधीजींबरोबर रेल्वेनं मद्रासकडे निघाले होते. वॉल्टेअर स्टेशनात, म्हणजे आजच्या विशाखापट्टणमला, पोलिसांनी त्यांना उतरवून घेतलं. बेगम अमजदी बानो सोबत होत्या. त्या परत फिरल्या नाहीत, गांधीजींबरोबर पुढच्या दौऱ्यावर गेल्या. आठच दिवसांनी मदुरेला गांधीजींनी पंचा नेसला, तो हाच दौरा. शौकत अलींना मुंबईत पकडलं.

खटला कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये २६ सप्टेंबरला सुरू झाला. आरोपी सात. अली बंधू दोन. तिसरे डॉ. सैफुद्दीन किचलू. १९१९ साली ज्यांच्या अटकेनं अमृतसर पेटलं आणि जालियनवाला बाग घडलं, तेच. चौथे मौलाना हुसेन अहमद मदनी. ते देवबंदचे, नुकतेच माल्टाच्या ब्रिटिश कैदेतून आलेले. त्यांचे गुरू मौलाना महमूद हसन यांच्याबरोबर ते तिथे तीन वर्षांहून जास्त काळ होते. एक सोबती हकीम नुसरत हुसेन तिथेच वारले. पाचवे मौलाना निसार अहमद. सहावे सिंधचे पीर गुलाम मुजद्दिद. आणि हे पीर कुणाच्या घराण्यातले? ग्वाल्हेरच्या कैद्याच्या, शेख अहमद सरहिंदींच्या. तीनशे वर्षांनी, दुसऱ्या बादशाहीत, त्याच घरातला माणूस पुन्हा पिंजऱ्यात उभा होता.

आणि सातवे? शारदापीठाचे शंकराचार्य, भारती कृष्ण तीर्थ. होय, 'वैदिक गणित' हे ज्यांचं पुस्तक १९६५ साली त्यांच्या निधनानंतर निघालं आणि आज मुलांच्या शिकवण्यांमध्ये वापरलं जातं, तेच. मुसलमानांनी फौजेत राहू नये या ठरावाला परिषदेत त्यांनी पाठिंबा दिला होता.

आरोप होते फौजेतल्या शिपायांना कर्तव्यापासून फोडण्याचा कट आणि शिपायांनी हुकूम मोडावा अशी विधानं करणं, म्हणजे दंड संहितेचं कलम ५०५. आरोपी असहकारवादी. त्यांनी वकील दिला नाही. मोहम्मद अलींनी ज्युरीपुढे स्वतःच भाषण केलं, लांबलचक.

त्यांचा मुद्दा साधा होता. १८५७ नंतर, १८५८ साली, राणी व्हिक्टोरियानं जाहीरनामा काढला. कुणाच्याही धर्मश्रद्धेत आणि उपासनेत सरकार ढवळाढवळ करणार नाही, असं वचन दिलं. आम्ही त्या वचनावर विश्वासून या राज्यात राहिलो. आमचा धर्म सांगतो की अमुक गोष्ट पाप आहे. ते पाप आहे हे आम्ही आमच्या भावांना सांगितलं. हे सांगणं जर गुन्हा असेल, तर एक तर वचन खोटं होतं किंवा आमचा धर्म गुन्हा आहे. यातलं काय ते ज्युरीनं ठरवावं. देवाची आज्ञा आणि राजाची आज्ञा आमनेसामने आल्या, तर मुसलमान देवाचीच पाळणार, आणि हा खटला खरं म्हणजे त्या दोन आज्ञांमधला आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

सरकारची बाजूही प्रामाणिकपणे मांडू. धर्माला संरक्षण आहे, पण धर्माच्या नावानं दंड संहितेतला गुन्हा करायला नाही. फौज हुकमावर चालते. प्रत्येक शिपाई ग्रंथ उघडून बसला, तर राज्य चालायचं कसं? शिवाय ही मशिदीतली शिकवण नव्हती, हजारोंच्या सभेतला राजकीय ठराव होता. हा युक्तिवाद पोकळ नाही. आजचं कुठलंही सरकार फौजेबाबत हेच म्हणेल.

१ नोव्हेंबर १९२१ ला निकाल लागला. कटाच्या मुख्य आरोपातून ज्युरीनं सगळ्यांना सोडलं. विधानांच्या आरोपाखाली सहाही मुसलमान आरोपींना दोन दोन वर्षं सक्तमजुरी. शंकराचार्य निर्दोष.

ज्युरीच्या मनात काय होतं ते निकालात लिहिलेलं नसतं, म्हणून मी ते सांगायला जाणार नाही. पण हॉलबाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसलं असेल? ठराव एक. सभा एक. आरोपपत्र एक. जो वाक्य बोलला तो नव्हे, तर ज्याच्या धर्मात ते वाक्य बसतं, तो आत गेला. ठरावाला पाठिंबा देणाऱ्या संन्याशाकडून ब्रिटिश फौजेला धोका नव्हता, कारण त्याच्या बोलण्यानं मुसलमान शिपाई बंदूक खाली ठेवणार नव्हता. मौलानाच्या बोलण्यानं कदाचित ठेवला असता. म्हणजे मोजलं गेलं ते शब्दांचं वजन, आणि ते वजन येत होतं श्रद्धेतून.

आता देशानं काय केलं ते बघा, कारण माझं उत्तर तिथे आहे.

४ ऑक्टोबरला, खटला चालू असतानाच, मुंबईत एक जाहीर पत्रक निघालं. सुमारे पन्नास पुढाऱ्यांच्या सह्या. त्यात म्हटलं होतं की सरकारची चाकरी, मुलकी असो वा लष्करी, करावी की करू नये याबद्दल मत मांडणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि सध्याच्या सरकारची शिपाईगिरी करणं हिंदी माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. सह्यांमध्ये गांधीजी, मोतीलाल नेहरू, लाला लजपत राय, मौलाना आझाद आहेत. आणि न. चिं. केळकर आहेत, गंगाधरराव देशपांडे आहेत, माधवराव अणे आहेत. टिळकांच्या तालमीतली माणसं. यातल्या सगळ्यांना खिलाफत प्रिय होती असं मुळीच नाही. १६ ऑक्टोबरला देशभर सभा घेऊन कराचीचा ठराव लोकांनी जाहीरपणे पुन्हा म्हटला. सहा जणांचा गुन्हा हजारोंनी केला. सरकार सगळ्यांना पकडू शकलं नाही.

गांधीजींनी २९ सप्टेंबरला 'यंग इंडिया'त याच खटल्यावर लेख लिहिला आणि अली बंधूंनी केलं तेच आपणही करत असल्याचं सांगितलं. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. आरोप तीन लेखांवरून. त्यातला पहिला लेख हाच. सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवड्याला आले, त्याची एक वाट कराचीच्या त्या हॉलमधून येते.

आता दुसरी बाजू झाकायची नाही. कराचीचा खटला चालू असताना मलबारात मोपल्यांचा उठाव पेटलेला होता. त्यात हिंदूंच्या हत्या झाल्या, सक्तीची धर्मांतरं झाली. सरकारनंही तिथे क्रूर दडपशाही केली. नोव्हेंबर १९२१ मध्ये मालगाडीच्या बंद डब्यात कोंडून नेलेले ६० हून अधिक कैदी गुदमरून मेले. खिलाफत चळवळीनं धर्म राजकारणात आणला, याची किंमत पुढे देशाला मोजावी लागली, असं म्हणणारे तेव्हाही होते. डॉ. आंबेडकरांनी १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये या चळवळीची कठोर चिकित्सा केली आहे. ती वाचलीच पाहिजे. आणि ज्या खलिफासाठी ही माणसं तुरुंगात गेली, ते पद ३ मार्च १९२४ ला तुर्कांनीच रद्द केलं.

सहा जण पुढे एका वाटेनं गेले नाहीत. मोहम्मद अली १९२३ साली सुटले, त्याच डिसेंबरात काकीनाडा काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पण नंतर काँग्रेसपासून दूर गेले. ४ जानेवारी १९३१ ला लंडनमध्ये वारले, दफन जेरुसलेमला. डॉ. किचलू आणि मौलाना मदनी मात्र फाळणीच्या विरोधात शेवटपर्यंत उभे राहिले. ज्यानं कराचीत धर्माच्या नावानं शिक्षा भोगली, त्याच मदनींनी पुढे सांगितलं की राष्ट्र धर्मावर होत नाही, हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होतं. १९५४ साली भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण जाहीर केलं. धार्मिक माणूस तुरुंगात जातो तेव्हा तो पुढे कोणत्या बाजूला उभा राहील, हे तुरुंगात टाकणाऱ्याला ठाऊक नसतं. आपल्यालाही नसतं.

तर काका, तुमचं उत्तर.

सरहिंदींची बाजू घ्यायची का? त्यांनी लिहिलेल्या त्या पत्राची नाही, कधीच नाही. अली बंधूंच्या खिलाफतीची? त्यावर आपण दिवसभर वाद घालू. पण कुणाला नुसत्या श्रद्धेसाठी, किंवा ती बोलून दाखवल्याबद्दल कैदेत टाकायचं का, हा प्रश्न आला की माणूस आवडतो की नाही हे बाजूला ठेवावं लागतं. त्यानं कुणाला मारलं का, मारायला लावलं का, एवढंच विचारावं लागतं. कारण ग्वाल्हेरचा दरवाजा एकदा उघडला की तो नावं विचारत नाही. ज्या दारानं गुरू हरगोविंद आत गेले, त्याच दारानं त्यांच्या वडिलांच्या मृत्यूवर समाधान मानणारे सरहिंदी आत गेले. बादशहाच्या लेखी दोघे सारखेच.

केळकर, देशपांडे, अणे यांना हे १९२१ साली कळलं होतं. त्यांनी मौलानांच्या श्रद्धेवर सही केली नाही. ती बोलण्याच्या हक्कावर केली.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा किल्ल्यावर गेले होते. आत्या आता नाही. गुरुद्वारात लंगर चालू होता, शेजारी बसलेल्या मुलानं मला पोळी वाढली. उतरताना दरवाजाजवळ थांबून मागे पाहिलं आणि तिचं वाक्य आठवलं, ज्याची बादशहाला भीती वाटायची, तो इथे.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गावात, तुमच्या शहरात असा एखादा जुना तुरुंग असेल, तर तिथे एकदा जाऊन या. कोण कोण होतं आत, ते विचारा. नमस्कार.